पाहुण्यांनी दाबून धरलेलं बटण

विज्ञानकथांतल्या बंदुका टीव्हीवर दिसल्या की माझं डोकं अजून फिरतं. नायक बटण दाबतो आणि लाल किरणाची सळई हवेतून सरळ जाताना दिसते. अहो, हवेत धूळ किंवा धूर नसेल तर किरण बाजूने दिसतच नाही! नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, नववीत असताना, हे सांगून सांगून मी घरादाराला वीट आणला होता.

एक बंदूक मात्र मला पटली होती. तिच्यात दारू नव्हती, विजेच्या जोरावर ती लोखंड फेकायची. तिचं विज्ञान आमच्या दुकानात रोज टेबलावर पडलेलं असे. नारायणगावात ओझरच्या रस्त्याला अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, जळालेल्या मोटरींना नवी तार गुंडाळून द्यायचं, मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातून वीज गेली की ते चुंबक होतं आणि लोखंडाला आत ओढतं. पण खिळा मधोमध पोचला की लगेच वीज तोडायची, तरच तो पुढे सुटतो. चालू ठेवली तर तेच वेटोळं त्याला मागे खेचून मध्येच धरून ठेवतं आणि तापत जातं. मी पेनाच्या नळीवर स्वतः दोनशे वेढे दिले, ट्रॅक्टरची बॅटरी आणि दारावरच्या घंटीचं बटण जोडलं. बटणाला नुसतं टिचकीसारखं बोट लावलं की खिळा टेबलापलीकडच्या पत्र्याच्या डब्यावर टणकन आपटायचा.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनातून एकच प्रयोग जिल्ह्याला, पुण्याला, जाणार होता. तो माझा असायला हवा होता.

आमच्याकडे काहीही सुरू करायचं तर ते पाहुण्यांच्याच हातून. प्रदर्शनाचे प्रमुख पाहुणे म्हणजे एक मोठे बागायतदार. त्यांच्या विहिरींवरच्या चारही मोटरी आमच्याच दुकानात यायच्या. प्रदर्शनाच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले तेव्हा आमच्या शाळेच्या सरांनी मला बाजूला सारलं आणि ते पाहुण्यांना म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या हातानं व्हऊ द्या." "लगेच सोडायचं हां," मी म्हणाले, पण टाळ्यांत कोण ऐकतंय?

त्यांनी बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. व्होल्टेज कमी असलं की मोटर वेग घेईपर्यंत स्टार्टरचं हिरवं बटण दाबून धरायचं, ही आमच्या भागातल्या बोटांची सवयच. खिळा आत गेला आणि मधोमध थांबला. पाहुणे आणखी जोर लावून म्हणाले, "घेईल, घेईल. उचलंल आता." तारेवरचं व्हार्निश जळाल्याचा वास आला, मग धूर.

"बोट काढा!" मी ओरडले. सरांनी डोळे वटारले, कारण त्यांच्या मते चूक माझ्या ओरडण्याची होती.

अण्णा गर्दीत पुढेच उभे होते. काय झालं ते त्या मंडपात माझ्याइतकं त्यांनाच कळलं होतं. पाहुण्यांनी त्यांनाच विचारलं, "काय ओ, जळलं का काय?" अण्णांनी हात जोडले. "वाइंडिंग पोरीनं केलंय. कच्चं राह्यलं असंल."

सगळे हसले. अण्णाही हसले. जिल्ह्याला गेली थर्माकोलची लेझर बंदूक. किरण दिसावा म्हणून पोरांनी तिच्यापुढे उदबत्त्या लावल्या होत्या. निदान तेवढं विज्ञान तरी त्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात अण्णांनी ते जळकं वेटोळं थराथराने उलगडलं. तार बोटांतून फिरवत ते म्हणाले, "एक येढा चुकला नाय. लई साफ काम केलंय."

"मग हे तिथं का नाय बोलला?"

"गिऱ्हाईक हाय आपलं."

"आन मी?"

पाहुण्यांची मोटर पुढ्यात ओढून अण्णांनी माझ्याकडे पाना मागितला. मी दिला नाही.