कोरडे पाय

आमच्या देवळात ईस्टरआधीच्या पुण्य गुरुवारी पाय धुण्याचा विधी असे, आणि माणसं पाय धुऊन यायची. हसू नका, खरं सांगते. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांतली आम्ही ख्रिस्ती घरं मोजकीच, पण त्या दुपारी वज्रीनं टाचा घासायला नळावर नुसती झुंबड. येशूनं शिष्यांचे धुळीचे पाय धुतले. आमच्यात धूळ दिसली तर अब्रू जायची. शिवाय जोड्या आधीच ठरलेल्या. जिचं जिच्याशी पटतं, त्या दोघी एकमेकींचे पाय धुणार. भांडणाऱ्या दोन टोकांना.

बाबा लोको शेडमध्ये फिटर आणि मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पंच. प्रेमावर बोलायला उभे राहिले की बायका पदरानं डोळे पुसत. माझी आई खाली बघत बसे.

आई वरणगावकडची, केळीवाल्या हिंदू शेतकऱ्याची लेक. बाबांशी लग्न केलं आणि माहेर तुटलं. ऐंशीच्या आसपास, मी चौदा वर्षांची असताना, नेमक्या पवित्र आठवड्यात तिचा धाकटा भाऊ सायकलवरून आमच्या दारात आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आत न येताच बाबांना म्हणाला, "भाऊ, अक्काले धाडा. मायनं नाव घेतलं तिचं."

"तिथं पूजापाठ होणार. पंचाची बायको तिथं बसली तर मंडळी काय म्हणेल?" बाबांनी त्याला वाटेला लावलं. आई त्यांच्या पायांशी बसली. "मले जाऊ द्या. माही माय चालली." बाबांनी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं, मागच्या दाराला बाहेरून कडी, किल्ली खिशात टाकली आणि ड्यूटीवर गेले.

आत आम्ही दोघी. आईनं मागचं दार चार-पाच वेळा बडवलं. शेजारीण ओरडली, "काय झालं हो?" तशी आई गप्पच झाली. नवऱ्याची लाज राखली बाईनं! मला खुणेनं म्हणाली, काही नाही म्हण. आणि मी म्हटलं, "काही नाही मावशी, भांडं पडलं." एक शब्द खरा बोलले असते तर शेजारणीनं कडी काढली असती. वरणगावची एसटी अर्ध्या तासाची.

आजी दुसऱ्या सकाळी गेली. रविवारी बाबांनी पुनरुत्थानावर प्रार्थना केली, आणि चांगली केली.

आई आणखी दहाएक वर्षं जगली. माहेरचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. ती गेल्यावर दोन वर्षांत बाबांची डावी बाजू लकव्यानं गेली. मी शाळेत शिकवत होते, लग्न केलेलं नव्हतं. त्यांना न्हाऊमाखू घालणं, भरवणं, सगळं मीच करायची. मंडळी म्हणे, ख्रिस्ताचं प्रेम पाहायचं तर या पोरीकडे पाहा. कप्पाळ माझं! घास भरवताना मी त्यांच्या तोंडाकडे बघायचीसुद्धा नाही.

त्या साली नवे पाळकसाहेब आले होते, तरुण. पुण्य गुरुवारी म्हणाले, "आज जोड्या नकोत. ज्याच्या बाबतीत आपण चुकलो, त्याच्यापुढे परात ठेवा." झालं! सगळे आपापल्या स्वच्छ टाचांकडे बघत बसले. कोणी हलेना.

मग काठीचा आवाज आला. बाबा.

त्यांनी काठीच्या टोकानं परात ढकलत आणली आणि माझ्यापुढे कसेबसे खाली बसले. मी शाळेतून थेट आलेली. त्या देवळात खरे धुळीचे पाय बहुधा तेवढेच. वाकड्या तोंडानं हळूच म्हणाले, "पोरी, तुझी आई... ते दार..." त्यांनी हात पुढे केला.

मी पाय ओढून घेतले. खुर्चीखाली, मागे.

पाळकसाहेब हसले. म्हणाले, एका शिष्यानंही आधी असंच नको म्हटलं होतं, घाबरू नकोस, पाय पुढे कर. मी केले नाहीत. बाबांचा हात तसाच पाण्यावर थांबलेला. मागून कुणीतरी म्हणालं, "बापाला पायांना हात लावू देईना, काय संस्कार!" आणि सगळ्या बायका रडायला लागल्या. मला किंचाळून सांगावंसं वाटलं, अगं बायांनो, संस्कार नाही हा, सूड आहे! मी गप्प राहिले. आईसारखीच.

घरी आल्यावर खाटेवर बसून ते म्हणाले, "थोडं पाणी तरी लावू द्यायचं होतंस."

मी म्हटलं, "दार बंद होतं, बाबा."

ईस्टरला गाणी झाली, अंडी वाटली, सगळे एकमेकांना "तो उठला आहे" म्हणाले. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून होते. त्या पावसाळ्यात ते गेले. तोवर मी त्यांचे पाय रोज धुतले, अगदी बोटांच्या बेचक्यांसकट. त्यांनी पुन्हा काही मागितलं नाही, आणि मीही बोलले नाही.

अजूनही पुण्य गुरुवारी मी इतरांचे पाय धुते. माझे कोणी मागितले की सांगते, "टाचा फुटल्यात बाई, पाणी झोंबतं." लोक मला नम्र म्हणतात. टाचा फुटलेल्या नाहीत. ज्याला हे पाय द्यायचे होते, त्यानं एकदाच मागितले होते.