पिंपातले दोन मासे

आमच्या डोंबिवलीच्या चाळीत दर बुधवारी मलेरिया खात्याचे एक कर्मचारी यायचे. साचलेल्या पाण्यावर तेल मारायचे, म्हणून सगळे त्यांना तेलवाले म्हणत. नाव मी कधी विचारलं नाही.

धाकट्या भावाला थंडीताप आला, तेव्हा आई त्यांना म्हणाली, "मागच्या डबक्यावर तेल ओता हो, पोरगं काकडतंय."

त्यांनी डबक्यातलं पळीभर पाणी उजेडात धरलं. "बघा हं ताई, यात मासे आहेत, अळ्या खाऊन टाकतात. तेलाने तेच मरतील." मग तीच पळी आमच्या पिंपात बुडवली. पळीत अळ्या वळवळत होत्या. त्यांनी पिंप आडवं करून सगळं पाणी ओतून दिलं.

"अहो, नळ उद्या येणार. पोराला पाजू काय?"

त्यांनी स्वतःची पाण्याची बाटली तिच्या हातात दिली आणि खाली मान घालून गेले.

पुढच्या बुधवारी त्यांनी डबक्यातले दोन मासे पिंपात सोडले. भाऊ तोवर गोळ्यांनी सावरला होता.

कॉलेजात मला निबंध होता, 'विकासात आधी काय, आरोग्य की पर्यावरण?' मी पिंपाजवळ वही घेऊन बसलो. आई पाणी घ्यायला आली आणि तिने आधी मासे जिवंत आहेत ना, ते वाकून बघितलं.

आधी काय लिहायचं, मला अजून कळत नाही.