इंद्रकुमारचं चौथं शील

इंद्रकुमार नंदागवळी रेल्वेत चाबीवाला होता. सालेकसा मागे पडलं की रूळ जंगलात शिरतात, तिथला पाच-सहा किलोमीटरचा पट्टा त्याच्याकडे. खांद्यावर हातोडा टाकून रोज पायी जायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाब्या सैल झाल्या असतील तर ठोकायच्या, रुळाला तडा दिसला तर लाल झेंडी लावून कळवायचं. एकवीस वर्षं त्याने हेच केलं होतं. गावात मात्र त्याला मान होता तो विहारामुळे. दर रविवारी तो पुढे बसून त्रिशरण-पंचशील म्हणे आणि बाकीचे त्याच्या मागून म्हणत. कोणाच्या घरी भांडण झालं की त्यालाच बोलावणं यायचं. "पहिले खरं बोला, मग पाहू," असं तो म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका सकाळी, रुळाच्या कडेला त्याला एक माणूस पडलेला दिसला. रायपूरहून कामावरून परतणारा देवेंद्र, गर्दीच्या गाडीच्या दारातून पडलेला. दोन्ही पाय गेले होते, पण शुद्ध होती.

"पानी," तो म्हणाला.

इंद्रकुमारने मोबाइल काढला. तिथे रेंज नव्हती. फोन होता तो दीड किलोमीटरवरच्या फाटकावर. तो उठायला लागला तशी देवेंद्रने त्याची पँट धरली.

"जाऊ नको, भाऊ."

बोटं सोडवून तो निघाला. फाटकावर पोचून त्याने कळवलं, आणि घाम पुसायला पिशवीत हात घातला तर पाण्याची बाटली लागली, अर्धी भरलेली. आता परत पळत जायला हवं होतं. तो फाटकाच्या सावलीत खाली बसला. ते पुन्हा बघायचं धाडस त्याला होईना. वीस मिनिटं, कदाचित जास्तच, तो तसाच बसून राहिला. परत गेला तेव्हा देवेंद्र संपला होता आणि तोंडावर मुंग्या आल्या होत्या.

तीन दिवसांनी देवेंद्रचा बाप शोधत घरी आला. पतिराम, जंगलपट्टीतला म्हातारा, तेंदूपत्ता तोडणारा. पोलिसांनी त्याला इंद्रकुमारचं नाव सांगितलं होतं. दारातच उभा राहून म्हणाला, "तू जवळ होता ना, भाऊ? पोराले तरास झाला का?"

"होतो, बाबाजी," इंद्रकुमार म्हणाला. "माया हातात हात होता त्याचा. लवकर गेला. तरास नाई झाला."

पतिरामने त्याचे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले.

तेव्हापासून म्हातारा हंगाम चुकवीना. कधी चारोळीची चारं, कधी टेंभुर्णं, कधी नव्या धानाचे पोहे घेऊन यायचा. आला की ओसरीवर बसायचा, फार बोलायचा नाही. जाताना म्हणायचा, "एक गेला, एक भेटला." तो गेल्यावर इंद्रकुमार त्यातलं काही खात नसे. बायको, सुलोचना, विचारायची, "बुढा एवढ्या मायेनं आणते, अन् तुमी तोंड काऊन पाडता?"

दुःखी माणसाला दिलासा दिला, ही करुणाच झाली, असं त्याने मनाला समजावलं. काही महिने ते टिकलं. मग एका रविवारी विहारात "मुसावादा वेरमणी", खोटं न बोलण्याचं चौथं शील, म्हणताना तो मधेच थांबला. मागच्या बायकांनी ओळ पुरी केली. म्हाताऱ्यासाठी एवढं म्हणणं पुरेसं होतं की लवकर गेला. हातात हात होता, हे कोणासाठी होतं? ते खोटं त्याने स्वतःसाठीच जोडलं होतं.

यंदा पतिरामने गावाबाहेर मुलाच्या नावाचा दगड उभा करायचं ठरवलं. निरोप आला, पहिला हात तुझा लागला पाहिजे.

इंद्रकुमार गेला. खड्डा खणून तयार होता, माणसं जमली होती. त्याने पतिरामला मोहाच्या झाडाखाली बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, माफीही मागितली.

पतिरामने एवढंच विचारलं,

"पानी होतं तुयाजवळ?"

"होतं."

"मांगितलं त्यानं?"

"मांगितलं, बाबाजी."

"मंग जा तू."

दगड त्याच्याशिवाय उभा राहिला.

पंधरा दिवसांनी देवेंद्रची बायको, चंचल, त्याला रुळावरच गाठायला आली. पायात चप्पल नव्हती.

"सासऱ्यानं खाट धरली," ती म्हणाली. "दोन वरसं माणूस जेवत होता, झोपत होता. आता एकच म्हणून राहिला, पोरगा एकटा होता, पोरगा एकटा होता. खरं बोलून तुमचं मन हलकं झालं असन. आमचं काय?"

"मायं बी नाई झालं."

"मंग कायले सांगितलं?"

समोरून मालगाडी आली. दोघं दोन बाजूंना उतरले. चाळीसेक डबे मधून गेले. गाडी सरली तेव्हा चंचल पायवाटेला लागली होती.

त्या रविवारी त्याने विहारात सगळ्यांसमोर उभं राहून ही हकिगत सांगितली आणि पुढची जागा सोडली. कोणी म्हणालं, नंदागवळीचं डोकं फिरलं. एकाने विचारलं, तुला शिक्षा तर होणार नाही ना? आता दुसराच कोणी पुढे बसतो. इंद्रकुमार भिंतीजवळ बसून मागून म्हणतो.

सुट्टीच्या दिवशी तो पतिरामच्या अंगणात जातो. बोलावलेलं नसतं, हाकललेलंही नसतं. खाटेपासून चार हातांवर बसतो. त्याला माफी मागायची नाही, ती मागून झाली आहे. त्या दिवशी उठून गेलो होतो, आता उठायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं आहे. कधी चंचल चहा आणून ठेवते, कधी नाही. पतिराम दिवसेंदिवस वाळत चालला आहे. इंद्रकुमार आला की तो भिंतीकडे कूस वळवतो.