तारीखबाई

तारीखबाई बसत नसत. आमच्या मानवी हक्क आयोगाच्या दोन खोल्यांत चार खुर्च्या होत्या. त्यातली एक बाईंची, पण तिच्यावर कायम फायली. बाई उभ्या असत, नाहीतर चालत असत. खिडकी ते दार, दार ते भिंतीवरचं कॅलेंडर, तिथून परत खिडकी. तक्रार घेऊन आलेला माणूस मान वळवून वळवून बोलायचा आणि थोड्या वेळानं त्याचीही बसल्या जागी चुळबुळ सुरू व्हायची.

मानवी हक्क आयोग म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. कॉव्हेंट्रीपासून गाडीनं पाऊण तासावरचं लहान शहर, आणि तिथल्या जुने कपडे विकणाऱ्या एका चॅरिटी शॉपच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. कामावरून काढलेले, घर भाड्यानं द्यायला नाकारलेले, व्हीलचेअर आत जात नाही म्हणून बँकेच्या दारातून परतलेले असे लोक यायचे. आम्ही त्यांची तक्रार ऐकायची, कागद तयार करायचे आणि वेळ पडली तर ट्रायब्युनलपर्यंत, म्हणजे नोकरीच्या तंट्यांच्या कोर्टापर्यंत, सोबत जायचं. नोकरीतल्या भेदभावाची तक्रार ट्रायब्युनलकडे, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावी लागते, तीही एक दिवस आधी. म्हणून माणूस जिना चढून आला, की नाव, गाव, चहा विचारायच्या आत बाईंचा पहिला प्रश्न, "तारीख काय? तुला कधी काढला?"

"बाई, त्याचं असं झालं, मी लग्न होऊन इथं आले तेव्हा..."

"स्टोरी मी ऐकणार. सगळा ऐकणार. पहिले तारीख. तारीख गेला तर स्टोरी कोणी ऐकत नाय."

आपल्या लोकांनी त्यांना तारीखबाई नाव पाडलं ते यावरून. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही असावं.

बाई कॉव्हेंट्रीतच जन्मल्या. वडील नागपूरकडून आलेले, फाउंड्रीत कामाला. दर रविवारी सगळं कुटुंब विहारात. मराठी त्यांनी आईच्या ओट्यापाशी उभं राहून उचललं होतं आणि ते तेवढंच राहिलं. "माझा मराठी किचनचा आहे," त्या म्हणायच्या, "पण किचनमधे सगळा खरं बोलतात." शाळा सोळाव्या वर्षी सुटली. मग मोटारींच्या सीटची कव्हरं शिवायचा कारखाना, मग युनियन, मग हे काम. तारखेचा एवढा ध्यास कशाला, असं मी एकदा विचारलं. "सगळ्यांना कारण पाहिजे," म्हणाल्या आणि खिडकीकडे चालू लागल्या.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी सांगते, आणि सांगताना मला लाज वाटत नाही. वडील जिल्हा परिषदेत शिपाई. त्यांनी टेबलाटेबलावर फायली पोचवल्या आणि मला शिकवलं. मी एमए झाले, इथं येऊन दुसरी मास्टर्स केली. मुलाखतीत बाईंनी सर्टिफिकेटं उलटीपालटी करून पाहिली.

"घरात फर्स्ट?"

"हो."

"गुड. इथे कोणाला दाखवू नको. घाबरतात लोक." आणि त्या दिवसापासून मला हाक मारायची ती "ए ग्रॅज्युएट!"

त्यांच्याकडे आपला-परका नव्हता, आणि त्याचा चटका आपल्यांनाच जास्त बसायचा. मिल्टन कीन्सहून एक गृहस्थ आले होते. आयटीतले, उत्तम इस्त्रीचा शर्ट. बढतीच्या वेळी दोनदा डावललं, रंगामुळेच, अशी तक्रार. कागदही पक्के होते. बाईंनी तारीख विचारली, बोटानं दिवस मोजले, खूश झाल्या. जाता जाता गृहस्थ सहज बोलून गेले, "तुमच्या माहितीत कोणी भाडेकरू असला तर सांगा हं. वरची रूम रिकामी आहे. फक्त आपल्यातला हवा."

चालणाऱ्या बाई थांबल्या. "आपल्यातला म्हणजे?"

"म्हणजे... व्हेज, चांगल्या घरचा. तुम्हाला कळतंय ना."

"मला कळला," बाई म्हणाल्या. "तुझा केस मी घेते. चांगला केस आहे. पण तू ज्याला रूम नाय देणार, तो इथे आला तर त्याचा पण घेणार. तुझ्या अगेन्स्ट. पहिलेच सांगते, मग बोलू नको, बाई आपल्यातली होती."

त्यांची केस बाईंनी लढवली. रूमचं पुढं काय झालं, ते कळलं नाही.

आता संगीताचं सांगते. माझ्या हातून झालं ते सांगितल्याशिवाय बाई पुऱ्या कळायच्या नाहीत.

संगीता लातूरची. नवरा इथं वेअरहाउसमध्ये, ही वृद्धांच्या एका केअर होममध्ये कामाला. दिवस गेल्याचं तिनं मॅनेजरला सांगितलं आणि आठवडा उलटायच्या आत तिला काढल्याचं पत्र हातात आलं. पत्रात कारण होतं, निष्काळजीपणा. एका आजींना औषध द्यायचं राहिलं म्हणे, आणि ते राहिलं त्या दिवशी संगीता ड्यूटीवरच नव्हती. "ताई, नोकरी गेली तर गेली," ती म्हणाली. "पण हा शब्द कागदावर राहिला तर मला कोण म्हाताऱ्या माणसाजवळ उभं करील? मला दुसरं काही येत नाही हो. आणि करायचंही नाही."

तो शब्द काढायचा होता. बाई तेव्हा ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात, पुढं घरी विश्रांतीला. केस माझ्याकडे आली. होमच्या वरिष्ठांकडे अपील करायची सोय होती. मी पाच पानी अपील लिहिलं आणि खरं सांगते, फार सुंदर लिहिलं. पोच आली, "विचाराधीन आहे."

आमचे वडील म्हणायचे, अर्जावर आवकचा शिक्का पडला की निम्मं काम झालं. मग साहेबांचं उत्तर येईपर्यंत थांबायचं. मधेच वरच्या साहेबाकडे गेलं की खालचा दुखावतो आणि होणारं काम राहतं. हे मी जेवणाच्या ताटावर ऐकत मोठी झाले. संगीतानं मला दोनदा विचारलं, "ताई, आणखी कुठं काही करायचं का?" दोन्ही वेळा मी तिला म्हटलं, "अर्ज पोचलाय ना? आता थांबायचं."

बाईंचा घरून फोन यायचाच. "संगीताचा तारीख काय?" मी तारीख सांगितली. अपील पोचल्याची. माझ्या लेखी खरी तारीख तीच होती, आवकची.

बाई परत आल्या त्या दिवशी अंगात कोट तसाच, आणि फाइल हातात.

"ही तारीख कसला?"

"अपील पोचल्याची."

"आणि काढला कधी?"

मी सांगितलं. त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं, पानं उलटली, दोनदा मोजलं. खालच्या दुकानात कोणीतरी हँगर सरकवत होतं, तो आवाज वरपर्यंत येत होता.

"नऊ दिवस," बाई म्हणाल्या. "नऊ दिवस गेला, ग्रॅज्युएट. त्यांचा अपील चालू असला तरी घड्याळ थांबत नाय."

मला हे प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं.

"तिला फोन कर. तू कर."

"काय सांगू?"

"जे झाला ते."

सांगितलं. मग संगीता म्हणाली, "म्हणजे माझ्या कागदावर तसंच राहणार का, ताई?" ओरडली असती तर बरं झालं असतं.

उशीर झाल्याचं कारण देऊन आम्ही दावा त्याच दिवशी दाखल केला. भेदभावाच्या दाव्यात न्यायाधीशांना पटलं तर ते उशीर माफ करू शकतात, पण पटायला हवं. त्यासाठी माझं लेखी निवेदन लागणार होतं. मी लिहिलं, "अपील प्रलंबित असल्याकारणाने काही गैरसमज होऊन दावा दाखल होण्यास विलंब झाला." त्याचंच इंग्रजी करून बाईंपुढं ठेवलं. त्यांनी कागदभर लाल रेघ ओढली.

"हा विलंब स्वतः चालत आला? पायानी?"

"तुम्ही तेव्हा आजारी होता, हेही घालू या का?" मी हळूच म्हटलं. असं म्हटलं हे लिहिताना आजही हात अडतो.

बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. "मी आजारी होते, ते खरं. पण तिला थांब, असं मी नाय बोलली. तू बोलली. आता तुझा डिग्री वाचवू, की तिचा नाव? एक सांग. मला कोट घालून खाली जायचा आहे, केक आणायला."

त्या खरंच गेल्या. परत येईस्तोवर मी सहा ओळी लिहिल्या होत्या. तिनं दोनदा विचारलं, मी दोनदा थांबायला सांगितलं, नियम मला माहीत होता. बाईंनी वाचलं आणि केकचा मोठा तुकडा माझ्यापुढं सरकवला.

ट्रायब्युनलला गाडी मी चालवली. टाक्यांची जागा अजून दुखायची म्हणून बाईंना मनाई होती. तरी प्रत्येक राउंडअबाउटला त्या शेजारी बसून पायानं खाली दाबत होत्या, जणू ब्रेक त्यांच्याकडेच होता. खोली साधी होती, एखाद्या मीटिंग रूमसारखी. केअर होमचा वकील सभ्य माणूस. त्यानं माझं शिक्षण एकेक करून वदवून घेतलं आणि विचारलं, "इतकं शिकलेल्या व्यक्तीला एवढा साधा नियम माहीत नव्हता, यावर आम्ही विश्वास ठेवायचा?"

"माहीत होता," मी म्हणाले. "पण साहेब आपला अर्ज वाचत असताना आपली मुदत संपू शकते, हे मला खरं वाटलं नव्हतं. तिनं विचारलं होतं. चूक माझी आहे, तिची नाही."

संगीता पोटावर हात ठेवून बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती.

तासाभरानं निकाल आला. सल्लागाराच्या चुकीची शिक्षा हिला नको, दावा पुढं चालेल. कॉरिडॉरमध्ये बाई येरझारा घालत होत्या. एक हात टाक्यांवर होता. मला भरून आलं. त्या म्हणाल्या, "रडायला टाइम नंतर घे. केस आत्ता सुरू झाला."

केस चालली, आणि सुनावणीच्या आधीच केअर होमनं माघार घेतली. 'निष्काळजीपणा' हा शब्द मागे घेतल्याचं पत्र आलं, सोबत चांगल्या कामाचा दाखला. बाई तेव्हा पुन्हा हॉस्पिटलात होत्या आणि घरी कधी सोडणार याबद्दल या वेळी कोणी बोलत नव्हतं. मी पत्र घेऊन थेट वॉर्डात गेले आणि पलंगापाशी बसून वाचायला लागले. दुसऱ्या ओळीला त्यांनी हात वर केला.

"तिला सांगितला?"

"नाही. म्हटलं, आधी तुम्हाला..."

"मला कशाला? मला काढला होता?"

"दोनच मिनिटं, एवढं वाचते आणि..."

"जा," बाई म्हणाल्या. "आता."

वॉर्डात फोन लागेना. मी खाली कार पार्कमध्ये गेले. संगीता बाळाला पाजत होती. ती ओळ तिनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मग नवऱ्याला हाक मारली, मग दुसऱ्या फोनवर लातूरला आईला लावलं आणि चौथ्यांदा, आईसाठी, मी ती मराठीत सांगितली. वर आले तेव्हा भेटीची वेळ संपली होती. नर्स म्हणाली, झोपल्या आहेत. सकाळी ब्रिस्टलहून त्यांच्या मुलीचा फोन आला, बाई रात्रीच गेल्या म्हणून.

खाली मी चाळीस मिनिटं होते. तेवढा वेळ बाईंजवळ बसता आलं असतं, हे मनात येतं आणि मग दिवसभर कुठंच बूड टेकवत नाही. पण बसले असते, तर संगीता आणखी चाळीस मिनिटं निष्काळजी राहिली असती.