पिवळ्या पळसाचा रस्ता यंदा सांगणार नाही

गेल्या फाल्गुनात मी याच ब्लॉगवर पिवळ्या पळसाचे फोटो टाकले होते, रस्त्यासकट. कौतुक भरपूर झालं. म्हणून यंदा शाळेतल्या पाच सहकारी बायकांना घेऊन पुन्हा निघाले. धाराशिवहून सकाळची एसटी, बायकांना अर्धं तिकीट. येरमाळ्याला उतरून भजी आणि चहा. पाणी घरूनच न्या, पुढं दुकान नाही. तिथून दीड तास चाल. कोणत्या बाजूला, ते सांगणार नाही.

देवाच्या नावानं राखलेलं ते जुनं रान. काटेसावर लालभडक, बांधाला धायटी, आणि केशरी पळस तर जागोजाग. एकही फूल तोडायचं नाही, असा मी सगळ्यांना निघतानाच दम भरला होता.

पिवळ्या पळसापाशी पोचलो, तर एक म्हातारी बाई लांब काठीच्या आकडीनं त्याची फुलं पाडत होती. माझं डोकंच फिरलं.

"अहो मावशी, काही वाटतं का तुम्हाला? असं झाड एकच आहे इथं."

"म्हणूनच पाडायलेय," मावशी म्हणाल्या आणि खोडाकडं बोट केलं. हातभर साल कोयत्यानं काढून नेलेली, जखमेवर शेणमातीचा लेप. "ही साल तिजोरीत ठेवली की धन येतंय म्हणं. गाड्या घिऊन येतेत लोकं. फुलं न्हाय दिसली की समदे पळस सारखेच."

"पण त्यांना कळतं कसं?"

"फोनात बघून. कुण्या बाईनं लिवलंय म्हणं, वड्यापसून कुठं वळायचं ते सुदीक."

ओढ्यापासूनचं ते वळण मीच लिहिलं होतं. पाचही जणी माझ्याकडं बघायला लागल्या.

शिकलीसवरली, चारचाकीतून फिरणारी माणसं जित्या झाडाची कातडी सोलून तिजोरीत ठेवतात, याचा संताप आला. त्यांना घराचं दार दाखवणारी मीच, याचा त्याहून जास्त. मावशींचा हात वरच्या फांद्यांना पुरत नव्हता. मी आकडी मागून घेतली आणि उरलेली फुलं स्वतः पाडली. रडू येत होतं, पण एकही ठेवलं नाही.

घरी आल्या आल्या जुना लेख काढून टाकला. दुसऱ्या दिवशी त्यातलाच एक फोटो, माझ्याच वाक्यांसकट, आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आला. खाली कुणीतरी विचारलं होतं, "रविवारी जायचं का?"

पुढच्या वर्षी फाल्गुनाआधीच मी जाणार आहे. कॅमेरा घरी ठेवून, आकडी घेऊन, कळ्या धरतात तेव्हाच.