दाजी परब आणि एकोणिसावे उड्डाण

दाजी परब आमच्या कंपनीत छपरांवर डिश बसवायचा. हॉटेले, कामगारांच्या वसाहती, बंदरातल्या कचेऱ्या, जिथे आमचे टीव्ही आणि इंटरनेटचे गिऱ्हाईक तिथल्या छपरावर दाजी कधी ना कधी चढलेला. हे काम त्याने एकोणतीस वर्षे केले. ऑफिस आणि हिशेब सांभाळायला मी त्याच्या दोन वर्षे आधी बहरीनला आलो होतो, त्यामुळे त्याचा पहिला दिवस मला आठवतो.

त्याचे गाव कुडाळजवळचे. एजंटाने त्याच्या हातात दिलेल्या नोकरीच्या पत्रावर शिक्काच नव्हता. त्यापायी तो सलमाबादच्या एका खोलीत नऊ दिवस बसून राहिला. कोणी त्याला कामावर घेईना आणि परतही पाठवीना. ते प्रकरण मी मिटवले आणि त्याला सांगितले, "दाजी, शिक्का नसेल तर तो कागद नव्हे, रद्दी. शिक्का असेल तर जपून ठेव." हे त्याने जन्मभर पाळले. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्याने शिक्क्याचा प्रत्येक कागद ठेवला होता, अगदी रजेचे मंजूर अर्जसुद्धा.

तो इकडे आला तेव्हा त्याची मुलगी श्रेया चार महिन्यांची होती. पुढे दर दोन वर्षांनी महिनाभराच्या रजेत बापलेकीची जी भेट होई तेवढीच. दोन वर्षांपूर्वी श्रेया नर्स होऊन बहरीनच्याच एका हॉस्पिटलात आली. मग दोघांनी जिदहफ्समध्ये खोली घेतली. ती ड्यूटीवरून येईपर्यंत दाजी भाकऱ्या करून ठेवी. आपल्या मुलीला काय आवडते हे पहिल्या महिन्यात आपल्याला ठाऊक नव्हते, असे त्याने मला एकदा सांगितले होते.

नोव्हेंबरात त्याला साठ पूर्ण होणार होती. साठीनंतर माणूस ठेवायचा तर मॅनेजरची लेखी शिफारस हवी, असा आमच्या कंपनीचा नियम होता. नोकरी गेली की व्हिसा जाणार आणि गावी परतावे लागणार; श्रेयाच्या व्हिसावर बापाला ठेवणे नियमात बसत नव्हते. तिच्या नोकरीचा करार आणखी दोन वर्षांचा होता. दाजीला तेवढी दोन वर्षे हवी होती, दुसरे काही नको होते.

एक वाट मात्र होती. तुबलीतल्या एका गॅरेजचा मालक अर्शद त्याला आपल्या व्हिसावर घ्यायला तयार होता. सुट्या भागांच्या खोलीवर त्याला विश्वासाचा माणूस पाहिजे होता. "दाजी भाई, जून के आख़िर तक जवाब दे दो, फिर मैं किसी और को रख लूँगा," असे त्याने माझ्यासमोरच सांगितले होते.

त्याच जूनमध्ये नवा उपग्रह जाणार होता. आम्ही ज्याच्यावरून चॅनेल घेत होतो तो उपग्रह म्हातारा झाला होता. नवा उपग्रह आकाशात दुसऱ्या ठिकाणी उभा राहणार म्हणून आमच्या दोनशे चौदा डिश फिरवाव्या लागणार होत्या. हे काम दाजीइतके कोणाला जमत नव्हते. उड्डाणाच्या आठवडाभर आधी आमचा मॅनेजर निहार माझ्याकडे आला आणि दाजीला कामावरून कमी करण्याचे पत्र टाइप करायला सांगून गेला. पत्रावर तारीख सप्टेंबरअखेरची होती.

"डिश फिरवून होईस्तोवर एक शब्द बोलायचा नाही. नाहीतर तो गुडघा धरून बसेल," टाइप झालेल्या पत्रावर सही करताना निहार म्हणाला. मी पत्र खणात ठेवून कुलूप लावले. कंपनीचा गोल शिक्काही त्याच खणात असे.

उड्डाण आमच्या वेळेने दुपारी चारला होते. मोठ्या खोलीत पडदा लावला होता, समोसे मागवले होते. निहार सगळ्यांना समजावून सांगत होता.

"खालचा हा मोठा भाग, बूस्टर. अठरा वेळा जाऊन आलाय. आज एकोणिसावी फेरी."

"तोच परत?" दाजीने विचारले.

"तोच. धुतला, पुसला, तपासला, लावला परत. तुझ्यासारखाच रे दाजी. गुडघ्यात तेल घातलं की चढव छपरावर."

सगळे हसले. दाजीही हसला. रॉकेट वर गेले. आठ-नऊ मिनिटांत बूस्टर समुद्रातल्या तराफ्यावर सरळ उभा उतरला आणि खोलीत टाळ्या पडल्या.

"आणि वरचो?" दाजीने विचारले.

"तो येत नाही. त्याचं काम झालं की संपलं."

मग निहारला कल्पना सुचली. रिसेप्शनवरच्या वसईच्या जॅकलीनला त्याने कंपनीच्या लेटरहेडवर इंग्रजीत मजकूर टाइप करायला लावला. दाजी परब यांनी एकोणतीस उड्डाणे पूर्ण केली आहेत, त्यांची तपासणी झाली आहे, ते पुढील उड्डाणांसाठी योग्य असून तशी शिफारस करण्यात येते. निहारने खाली सही केली.

"शिक्का द्या हो," तो मला म्हणाला. "शिक्क्याशिवाय दाजीला मजा नाही येणार."

मी खण उघडला. शिक्का पत्राच्या पाकिटावरच ठेवलेला होता. मी तो काढून दिला. दाजीला समोर उभे करून, मजकूर मराठीत वाचून दाखवून कागद दिला गेला, फोटो निघाले. त्याने दोन्ही हातांनी कागद घेतला आणि निहारला वाकून नमस्कार केला. ते पाहून जॅकलीन पाणी प्यायला बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी दाजी माझ्या टेबलाशी आला.

"साहेब, हेची एक झेरॉक्स काढून देवा. चेडवाक, श्रेयाक दाखवलंय काल. जेवता जेवता रडाक लागली."

"तिने वाचलं?"

"वाचल्यान. विचारीत होती, ह्यात उड्डाणा कसली? मी म्हटलंय, आमच्या धंद्यात असाच लिवतत. सही आसा, शिक्को आसा, आणि काय होया?"

"अर्शदला काय सांगितलंस?"

"सकाळीच फोन केलंय. दुसरो माणूस बघ म्हटलंय. उगाच त्याका कित्या लटकत ठेवा?"

महिना संपायला अजून नऊ दिवस होते. मी झेरॉक्स काढून दिली.

नवा उपग्रह जागेवर पोचल्यावर पुढचे दोन-अडीच महिने त्याने डिश फिरवल्या. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करायला बंदी असते. त्यामुळे तो पहाटे छपरावर चढे आणि ऊन वर येईपर्यंत तीन-चार डिश उरकी. दोन तरुण मदतनीस उन्हाला कंटाळून सोडून गेले. दाजीने गुडघ्याला पट्टा बांधला आणि त्यांच्या वाट्याच्या डिशही संपवल्या. निहारने ग्रुपवर त्याचा शिडीवरचा फोटो टाकला आणि खाली लिहिले, 'बूस्टर नंबर एक'. त्यावर अठ्ठावीस जणांनी हसणारे चेहरे टाकले. दाजीने हात जोडलेले चिन्ह पाठवले.

शेवटची डिश सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. त्याच आठवड्यात गुरुवारी निहारने त्याला माझ्या केबिनमध्ये बोलावले. मी खणातल्या पाकिटातले पत्र काढून टेबलावर ठेवले. मजकूर निहारने तोंडी सांगितला.

दाजीने ऐकून घेतले. मग खांद्याची पिशवी उघडली, डबा काढला आणि त्यातून तो कागद काढून टेबलावर पसरला. प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवला होता.

"साहेब, काहीतरी चुकलासा दिसता. माझी शिफारस झाली हा. ही बघा तुमची सही."

निहार खुर्चीत मागे रेलून हसला. "अरे दाजी, ती गंमत होती रे. कोण असं लिहून देतं का? बूस्टरसुद्धा कधीतरी भंगारात काढतात."

दाजीने त्याच्याकडे पाहिले नाही. तो माझ्याकडे वळला.

"शिक्को तुमचोच मा?"

"हो," मी म्हणालो.

"खरो?"

"खरा आहे."

त्याने मान हलवली. अर्शदकडे जूनच्या अखेरीस केरळचा एक माणूस लागला होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. निहारचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला.

दाजीने कामावरून काढल्याचे पत्र उचलले, डोळ्यांजवळ धरले आणि वरपासून खालपर्यंत पाहिले. इंग्रजी त्याला येत नव्हते. मग त्याने ते माझ्यापुढे सरकवले.

"साहेब, ह्येच्यार शिक्को नाय."

खरेच नव्हता, माझ्याकडूनच राहिला होता. मी खण उघडला, शिक्का शाईच्या पॅडवर दाबला आणि निहारच्या सहीशेजारी उमटवला.

शाई वाळेपर्यंत दाजी उभा राहिला. मग दोन्ही कागद त्याने एकावर एक नीट जुळवले, डब्यात ठेवले आणि झाकण लावले. श्रेयाची ड्यूटी सहाला सुटते, त्याआधी भाकऱ्या करायच्या आहेत, असे म्हणून तो गेला.