देवाची मुडी

आरोंद्याच्या खाडीकाठी इनास फेराव नावाचा एक शेतकरी राहायचा आणि त्याच्या घरात, चुलीच्या वर वाशाला, भाताची एक मुडी टांगलेली असायची. दोघांपैकी गावात जास्त मान मुडीला होता.

मुडी म्हणजे पेंढा आणि पेंढ्याचीच दोरी यांनी आवळून बांधलेला, कवेत जेमतेम मावणारा गोल गठ्ठा. हिच्या पोटात कोरगुटाचं बियाणं होतं. कोरगुट जाडंभरडं, पण खाऱ्या मातीत तेवढंच उगवतं. इनासच्या बापाने ते जन्मभर खाडीलगतच्या शेतात पेरलं, आणि पन्नास साली मरताना पोराला मुडी दाखवून म्हणाला, "इनास, ह्यां माझां न्हय, तुझांय न्हय. देवाचां. तू फकत राखणदार. सांबाळ." एवढं बोलून म्हातारा गेला. सांभाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारायला सवड मिळाली नाही.

बाप दर वर्षी मुडी सोडून पेरायचा आणि नव्या पिकातून नवी बांधायचा. इनासनेही पहिल्या वर्षी तसंच केलं. मग खाडीचा बांध दुरुस्त झाला, खारं पाणी शेतात शिरेनासं झालं, आणि कुडाळहून सुधारलेलं बियाणं आलं. पीक दीडपट. अख्ख्या गावाने कोरगुट कांडून खाल्लं. इनासनेही नवीन बियाणं पेरलं, पण बापाच्या मुडीला हात लावला नाही. देवाची वस्तू कांडून खायची म्हणजे काय!

तेव्हापासून दर मे महिन्यात तो मुडी खाली उतरवायचा, अंगणात उन्हाला ठेवायचा, कोंबड्या हाकलत दिवसभर बाजूला बसायचा. वरून नवा पेंढा, नवी दोरी, आणि मुडी परत धुरात. आत कधी बघितलं नाही. दुसऱ्याच्या ठेवीत बोटं कोण घालतं?

"पोरांची कधी इतकी काळजी केलंस नाय," बायको रुजाय म्हणायची.

"पोरां आपली. ही देवाची."

पाद्री दर वर्षी इगर्जीत धन्याने पैसे सोपवलेल्या तीन चाकरांची गोष्ट सांगायचा. दोघांनी पैसे वाढवले, तिसऱ्या आळशाने मातीत पुरून ठेवले. इनासला त्या तिसऱ्याचा फार राग यायचा. आपण निदान मातीत पुरलं नाही, चांगलं उंचावर टांगलंय, याचं समाधान घेऊन तो घरी येई आणि पोटभर जेवून झोपे.

अठ्ठावन्न साली वैशाखातल्या अमावस्येच्या उधाणाने बांध फोडला. आठ दिवस भरतीचं पाणी शेतांत येत-जात राहिलं. ओसरल्यावर ढेकळांवर पांढरं मीठ फुटलं. सुधारलेलं बियाणं त्यात जळणार, हे सांगायला कुडाळच्या शेतकी साहेबाची गरज नव्हती. कोरगुट खाडीपलीकडे होतं, पण पलीकडे गोवा, पोर्तुगीजांचं राज्य. हद्द बंद, दोन्ही काठांवर बंदुका. या वर्षी एक पीक आलं तर माणसं गावात टिकतील आणि दिवाळीनंतर बांध घालतील. नाहीतर जो तो आपली वाट धरील.

शेजारचा दाजी चौघांना घेऊन इनासच्या खळ्यात आला.

"इनास, इतकी वर्सां आमी तुका हसलंव. आता मुडी सोड. आदी तरवो घालू, मगे रोपां सगळ्यांनी वाटून लावू."

"माझी न्हय ती, दाजी. देवाची."

"मगे देवाक इचार आणि सोड. तो काय नांगर धरूक येवचो नाय."

सगळे हसले. इनासही हसला. आयुष्यात पहिल्यांदा गाव त्याच्या दारात उभं होतं. दाजी म्हणाला, "तरी पण मी वेंगुर्ल्याकडे जावन बगतंय. थंय कोणाकडे जुनां खारां बी आसा म्हणतत."

"कित्याक जातंस? हयसर आसा मरे!"

रुजायने आतून सांगितलं, "पयलां मूठभर भिजत घालून बगा. सात वर्सां झाली."

"देवाचां बियाणां तपासतलंस?"

"बियाणां देवाचां. धूर आमच्या चुलीचो."

पण इनासने ऐकलं नाही. दाजी वेंगुर्ल्याला गेला नाही.

मिरगाच्या आदल्या आठवड्यात मुडी सोडली. दाणा कसा पिवळाधमक, एक कीड नाही. बायकासुद्धा बघायला आल्या. बियाणं रात्रभर भिजवून टोपलीत घातलं, वर पेंढा आणि दगड. बियाणं जिवंत असलं की तिसऱ्या दिवशी टोपली आतून गरम लागते आणि पांढरे मोड दिसतात. रुजायने हात घातला. थंडगार. आंबूस वास आला.

"आणखी एक दिवस," इनास म्हणाला.

आणखी दोन दिवस गेले. दाजीने एक दाणा नखाने फोडला, पीठ बोटावर चोळून पाहिलं.

"इनास, ह्यां मेलां रे."

"एक कीड लागूक दिली नाय मी, दाजी."

"नाय दिलंस," दाजी म्हणाला आणि पायांत वहाणा घालून निघाला. कोणी शिवी दिली असती तर इनासला बरं वाटलं असतं. वेंगुर्ल्याकडून आणायचे दिवस निघून गेले होते; पाऊस धरला होता.

त्या वर्षी शेतं पडीक राहिली. दाजीचे दोन्ही मुलगे मुंबईला गेले, मग दाजीही गेला. बांध घालायला माणसं उरली नाहीत. दोन वर्षांत शेतांतून खारफुटीचं कांदळ उगवलं. बापाने जिथे भात कापलं, तिथे इनास ओहोटीला चिखलात उतरून कुर्ल्या पकडी आणि रुजाय त्या बाजारात नेऊन विकी.

एकसष्ट संपता संपता गोवा मोकळा झाला. नाताळ उलटल्यावर पलीकडचा मावसभाऊ होडीने आला आणि त्याने कौतुकाने टोपलीभर कोरगुट पुढे ठेवलं. ताजं, त्याच हंगामाचं.

इनासने मूठ भरून घेतली, नाकाजवळ नेली, परत टोपलीत सोडली.

"परत व्हर," तो म्हणाला.

"अरे, तुझ्यासाठीच हाडलां!"

"ज्याका शेत आसा, तेका दी. हयसर एक रात पण ठेवू नको."

भावाला वाटलं, राग आला असेल. तो जेवायला थांबला. इनास मात्र टोपली उचलून आधीच धक्क्यावर जाऊन बसला, तो होडी सुटेपर्यंत.